फुकटच्या झूला नावं ठेवणाऱ्यांसाठी

शिकागोत नवीन आलेलं मराठी कुटुंब भेटलं, की भारतीय किराणा कुठे मिळतो, शाळा कुठली चांगली हे झाल्यावर झूचा विषय निघतोच. "लिंकन पार्क झू कसं आहे हो? फुकट आहे म्हणे!" ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. नेपरव्हिल उपनगरातली माझी मैत्रीण म्हणते, अगदीच पिटुकलं, तासाभरात संपतं, हत्तीसुद्धा नाही, त्यापेक्षा सरळ ब्रुकफील्डच्या झूला जा. ऑफिसात एक जण याच शहरात लहानाचा मोठा झालेला आहे. त्याच्यासमोर झूबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नाही. आमच्या शेजारीणबाई तर कुठल्याच प्राणिसंग्रहालयाची पायरी चढत नाहीत. आणि मागच्या उन्हाळ्यात डोंबिवलीहून आलेल्या माझ्या सासूबाई सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "छान आहे गं, पण सिंह झोपलेलाच होता."

मी चालत जाण्याच्या अंतरावर राहते, त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही हे आधीच सांगून टाकते. माझं म्हणणं एवढंच, की या झूला ट्रिप काढून जाऊ नये. डबे, पाण्याच्या बाटल्या, सनस्क्रीन आणि दोन गाड्या भरून माणसं घेऊन जे येतात त्यांचा हिरमोड ठरलेला. जागा सगळी मिळून 35 एकर. ब्रुकफील्ड 216 एकर. पण ब्रुकफील्डला मोठ्या माणसाचं तिकीट चांगलंच महाग, त्यामुळे एकदा आत गेलं की पैसे वसूल होईपर्यंत बाहेर पडता येत नाही. पोरं पेंगुळलेली, नवरा नकाशा हातात घेऊन "अजून डॉल्फिन राहिलेत" म्हणतोय, आणि आपण चालतोय. लिंकन पार्कला मी अर्धा तास एकाच प्राण्यासमोर उभी राहते आणि घरी येते. बाकीचे राहिले तर राहिले. तिकीट काढलं असतं तर मला हे जमलं नसतं.

"फुकट कसलं, पार्किंगलाच केवढे घेतात!" ही तक्रार मात्र खरी आहे. पार्किंगचा दर बघून पहिल्यांदा माणूस गाडी मागे घ्यायलाच बघतो. पण हिशोब समजून घ्या. झू शिकागो पार्क डिस्ट्रिक्टच्या मालकीचं आहे, 1995 पासून चालवते मात्र लिंकन पार्क झूलॉजिकल सोसायटी. पार्क डिस्ट्रिक्ट खर्चाचा थोडाच भाग उचलतं. उरलेले देणग्या, सभासदांची वर्गणी, खाण्यापिण्याचे स्टॉल, संध्याकाळचे कार्यक्रम आणि हेच पार्किंग यांतून उभे करायचे. म्हणजे गाडीवाल्यांकडून घ्यायचं आणि बसने येणाऱ्याला, बाबागाडी ढकलत चालत येणाऱ्याला फुकट सोडायचं. मला यात काही वावगं वाटत नाही. नेपरव्हिलकरांनी बीएनएसएफ लाइनची गाडी पकडून युनियन स्टेशनला उतरावं, तिथूनच 151 नंबरची बस मिळते, ती झूपाशी सोडते. हे मी मैत्रिणीला किती वेळा सांगितलं असेल! ती गाडीच काढते.

माझे सासरे लालबागचे. लहानपणीचा रविवार म्हणजे राणीचा बाग. 2017 मध्ये पेंग्विन आल्यावर तिथलं पाच रुपयांचं तिकीट एकदम पन्नास झालं, त्याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही. त्यामुळे इथे फाटकातून कोणी न अडवता आत गेलो तेव्हा ते दोनदा मागे वळून बघत होते, कोणी हाक मारतंय का. "वर्षभर असंच?" म्हणाले. वर्षाचे 365 दिवस, नाताळालासुद्धा. मग खूश होऊन सासूबाईंना म्हणाले, "बघ, असं असावं."

सासूबाई खूश नव्हत्या. त्याचं कारण फार्म. झूमध्येच 1964 पासून एक छोटं शेत आहे. शहरातल्या पोरांना दूध कुठून येतं ते कळावं म्हणून गाई, शेळ्या, कोंबड्या ठेवल्या आहेत. गाईभोवती गर्दी, लोक मुलांना कडेवर घेऊन तिचे फोटो काढतायत. सासूबाई पदर सावरून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाय बघायला मी वीस तास विमानात बसले?" तरी जाताना तिला हात जोडले.

हत्ती नाही, या तक्रारीचं उत्तर मात्र थोडं लांब आहे. हत्ती होते. 1943 साली ज्युडी नावाची हत्तीण ब्रुकफील्डहून इथे आणायची ठरली. ती ट्रकमध्ये चढेचना. शेवटी तिला शहरातल्या रस्त्यांवरून चालवत आणली, अठरा-एकोणीस मैल. ही गोष्ट सगळे हसत सांगतात. पुढची कोणी सांगत नाही. 2003 मध्ये सॅन दिएगोहून तीन हत्तिणी आणल्या, ततिमा, पीचेस आणि वँकी. ऑक्टोबर 2004 ते मे 2005 एवढ्या काळात तिघीही गेल्या. वँकीला सॉल्ट लेक सिटीला हलवलं, त्या प्रवासानंतर लगेच ती गेली. शहरात मोर्चे निघाले, नगरपालिकेपर्यंत वाद गेला. त्यानंतर इथे हत्ती आणलेला नाही. आमच्या शेजारीणबाईंच्या "मी जात नाही"मागे याच तीन हत्तिणी आहेत. त्यांच्याशी वाद घालावा असं माझ्याकडे काही नाही. फक्त "एवढं मोठं शहर आणि हत्ती नाही?" असं कोणी नाक मुरडून विचारलं, तर मला वाटतं, मिशिगन तलावाच्या काठच्या जानेवारीत हत्ती नाही हेच बरं.

गोरिलाघराकडे मात्र मी सगळ्यांना ओढत नेते. सासऱ्यांना आधी फील्ड म्युझियममध्ये बुशमन नावाचा गोरिला दाखवला होता. तो इथलाच, 1930 मध्ये पिल्लू असताना आलेला, पुढे अडीचशे किलोंचा झालेला. 1950 मध्ये तो आजारी आहे, आता वाचत नाही, अशी बातमी पसरली तेव्हा एका दिवसात लाखावर लोक त्याला बघायला आले. त्याच वर्षी तो पिंजऱ्याबाहेर निघाला, स्वयंपाकघरात हिंडला, कोणाला जुमानेना. शेवटी एक साधा बिनविषारी साप दाखवल्यावर घाबरून आत पळाला. 1 जानेवारी 1951 ला गेला, आणि आता पेंढा भरून म्युझियममध्ये बसलाय.

आताचं गोरिलाघर 2004 चं, काच आणि आत झाडं, दोर, लाकडाचा भुगा. आम्ही गेलो तेव्हा पाठीवर चंदेरी केस आलेला मोठा नर काचेपासून हातभर अंतरावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. भुग्यात बोट फिरवत दाणे शोधत होता. एवढा जाडजूड अंगठा, पण दाणा अलगद दोन बोटांत धरायचा, नाकाशी न्यायचा, नापसंत असला तर खाली ठेवायचा. फेकायचा नाही, ठेवायचा. बाजूला शाळेची सहल होती. एका पोराने काचेवर थाप मारली, बाईंनी त्याचा हात धरला. गोरिलाने मान वळवून पोराकडे नाही, बाईंकडे बघितलं आणि परत निवडायला लागला. सासूबाई तांदूळ निवडणाऱ्या माणसाच्या कौतुकाने म्हणाल्या, "नीट काम आहे हो याचं." त्यानंतर वीस मिनिटं हलल्या नाहीत. सिंहाबद्दलची तक्रार त्यांनी तरीही मागे घेतली नाही. 1912 चं जुनं सिंहघर 2021 मध्ये नव्याने बांधलं, सिंहांच्या आवाराच्या मधोमध जमिनीखालून वाट काढली, तिथे उभं राहिलं की सिंह आपल्या डोक्याच्या उंचीला येतो. पण झोपलेला सिंह कुठूनही बघितला तरी झोपलेलाच दिसणार.

आणि एक मतभेद वासाचा. उन्हाळ्यात मुलांच्या भागाजवळ आलं की मासळीबाजारासारखा दर्प येतो, फरसबंदी पांढऱ्या शिंतोड्यांनी भरलेली असते. अस्वच्छता म्हणून लोक नाकं दाबतात. वर बघत नाहीत. वर झाडांत रातबगळ्यांची घरटी आहेत, शेकड्यांनी. हे झूने आणलेले पक्षी नव्हेत. वसंतात आपणहून येतात, पिल्लं वाढवतात आणि थंडीआधी दक्षिणेला निघून जातात. इलिनॉय राज्यात ते धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत. सासऱ्यांनी लाल डोळा बघितला आणि लगेच ओळखला. "अरे, हा तर आपल्याकडचा!" जात तीच आहे. त्यांनी त्या दिवशी सगळ्यात जास्त फोटो याच पक्ष्याचे काढले, आणि तो एकही पिंजऱ्यात नव्हता हे शेजारीणबाईंना आवर्जून सांगायला लावलं.

तर ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी. सकाळी दहाला उघडतं, तेव्हाच जा, प्राणी जागे असतात आणि शाळा यायच्या असतात. लहान मुलं असतील तर धोक्यातल्या प्राण्यांचं मेरी-गो-राउंड दिसू देऊ नका, ते फुकट नाही. दक्षिणेच्या तळ्याकाठचा फळ्यांचा रस्ता चुकवू नका. सगळं बघायचा हट्ट धरू नका.

नेपरव्हिलच्या मैत्रिणीला हे लागू नाही. ती डिसेंबरात झू-लाइट्सला आली होती, रोषणाईच्या बहुतेक संध्याकाळी तिकीट असतं. चौघांची तिकिटं, वर पार्किंग, वर हॉट चॉकलेट. अंधारात प्राणी एकही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, "अगं, लिंकन पार्क झू फारच सुंदर आहे!"