मे महिन्यातली लोकरीची शाल

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आईची बायपास झाली तेव्हा मी शिकागोच्या एका उपनगरात होते, आणि निघू शकत नव्हते. व्हिसाची मुदतवाढ अडकलेली. देश सोडला असता तर पासपोर्टवर नवा शिक्का मिळेपर्यंत किती महिने नागपुरातच बसावं लागलं असतं, कोण जाणे. भाऊ हॉस्पिटलच्या जिन्यातून व्हिडिओ कॉल लावायचा आणि मी इकडे रात्री दोन वाजता आईच्या नाकातली नळी बघत बसायचे.

"तू कशाला येते? इथे सगळे येऊन राहिले ना," आई म्हणायची.

सगळे खरंच येत होते. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सात-आठ बायका आयसीयूबाहेर ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून हळू आवाजात गात होत्या. वॉचमनने दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा तोच ऐकत उभा राहिला. चुलतभावाने मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "प्रार्थनेची विनंती" टाकली होती, अँजिओग्राफीच्या रिपोर्टच्या फोटोसकट. संध्याकाळपर्यंत कामठीहून एका काकूंचा मला फोन: "तीन ब्लॉकेज म्हणे? नव्वद टक्के?" अजनीच्या काकांनी दुधीच्या रसाचा व्हिडिओ पाठवला. मला राग आला आणि रडूही आलं. दोन्हीचं कारण एकच होतं, माझ्या आईबद्दल सगळ्या नागपूरला माझ्याआधी कळत होतं.

इथे मी ज्या चर्चमध्ये जाते ते एपिस्कोपल. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये. दोन्ही चर्चेस अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या गोतातली, त्यामुळे भाषा सोडली तर उपासना ओळखीची वाटते. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे अंगाला ठाऊक असतं. तर ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी आमच्या पाळकबाईंना गाठलं आणि म्हटलं, आईचं नाव प्रार्थनेच्या यादीत घाला.

त्या म्हणाल्या, "आईला विचारलंस का?"

मी बघतच राहिले. प्रार्थनेसाठी परवानगी? पण इथला नियमच तसा आहे. ज्याचं नाव, त्याचा होकार. यादीत फक्त पहिलं नाव, आजार काय ते लिहायचं नाही, आणि चार आठवड्यांनी नाव आपोआप निघतं, हवं असेल तर पुन्हा सांगायचं. मला हे सगळं फार कोरडं वाटलं. बँकेत केवायसी करतो तसं. तरी फोन लावून विचारलं. आई दम लागत असतानाही हसली. "प्रार्थनेले काय विचारा लागते बाप्पा! घाल म्हणा."

तर नाव घातलं. आईच्या नावात ‘ळ’ आहे. पुढचे चार रविवार चार जणांनी ते चार तऱ्हांनी वाचलं आणि एकानेही माझ्या आईला हाक मारली असं मला वाटलं नाही. पण माझ्या बाकाच्या मागे बसणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, तो शब्द नीट शिकव मला. जीभ टाळूला कुठे लावायची ते चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून मी त्यांना दहा मिनिटं दाखवलं. जमलं नाहीच.

महिन्यातल्या एका बुधवारी संध्याकाळी इथे आरोग्यासाठी वेगळी उपासना असते. ‘चंगाई’, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होणं, हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही, त्याचं कारण पुढे येईल. दिवे अर्धे, माणसं दहा-बारा, माईक नाही. पुढे दोन खुर्च्या, शेजारी प्रार्थना करणारे दोन जण. आपण जाऊन बसायचं. ते विचारतात, कशासाठी प्रार्थना करू? आणि लगेच दुसरा प्रश्न, खांद्यावर हात ठेवला तर चालेल का? एका बाईने मान हलवून नको म्हटलं, तर त्यांनी हात स्वतःच्याच मांडीवर ठेवून प्रार्थना केली. मग पाळकबाई अंगठ्याएवढ्या पितळी डबीतून, कापसावर जिरवलेलं ऑलिव्ह तेल घेऊन कपाळावर क्रूस काढतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, तीच ही परंपरा.

आपल्याकडे तेल म्हटलं की धडकी भरते. लहानपणी आमच्या शेजारच्या कॅथलिक घरी फादर तेल घेऊन आले की आतून हुंदके ऐकू यायचे, म्हणजे आजोबा आता जाणार. त्या विधीचं जुनं नावच शेवटच्या अभ्यंगाचं होतं. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये तो सगळ्या गंभीर आजाऱ्यांसाठीचा विधी म्हणून नव्याने मांडला, तरी आमच्या गल्लीपर्यंत ते पोचायला बराच वेळ लागला.

आता ‘चंगाई’बद्दल. माझ्या एका मावशीला मधुमेह. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मैदानावर मोठी चंगाई सभा होती, मंडप, कर्णे, कुबड्या फेकून चालणारे लोक. व्यासपीठावरून सांगितलं गेलं की विश्वास असेल तर गोळ्यांची गरज नाही. मावशीने घरी येऊन गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली. पावसाळा संपता संपता पायाची जखम चिघळून ती मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलला, भरती झाली आणि उजव्या पायाची दोन बोटं गेली. सभावाले तोवर दुसऱ्या गावी. आई त्यानंतर असल्या सभेला कधी गेली नाही, आणि मावशी मात्र आजही म्हणते, माझाच विश्वास कमी पडला. बोटांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागतं.

म्हणून इथल्या उपासनेत मी पहिल्यांदा गेले ती दाराजवळच्या खुर्चीवर, चप्पल पायातून न काढता बसावं तशी. कुणी गोळ्या सोडायला सांगतं का, याची वाट बघत. झालं उलटंच.

इथे रविवारी उपासनेनंतर कॉफीच्या टेबलाशेजारी एक छोटं टेबल असतं, त्यावर बीपीचं यंत्र आणि एक वही. तिथे बसणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका आहेत, चर्चच्या परिचारिका. हा प्रकार सुरू झाला आमच्या जवळच, पार्क रिजच्या ल्यूथरन जनरल हॉस्पिटलमध्ये, १९८० च्या दशकात. ग्रेंजर वेस्टबर्ग नावाच्या ल्यूथरन पाळकांना सुचलं की माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो पण चर्चमध्ये दर आठवड्याला येतो, तर परिचारिकाच चर्चमध्ये बसवू या. पुढे १९९८ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ही परिचर्येची स्वतंत्र शाखा मानली. या बाई इंजेक्शन देत नाहीत, औषधही देत नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते समजावतात, गोळ्यांचा डबा भरून देतात, हॉस्पिटलमध्ये कुणी एकटं चाललं असेल तर सोबत जातात. माझी आजी सीताबर्डीच्या म्युर मेमोरियलमध्ये परिचारिका होती, स्कॉटिश मिशनचं ते हॉस्पिटल. ती संध्याकाळी घरी येताना वस्तीतल्या चार घरांत डोकावून यायची, त्याला कुणी शाखा वगैरे म्हणत नव्हतं.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याने जेवताना एक संशोधन वाचून दाखवलं. तो पक्का तर्कवादी, नागपूरच्याच प्रतापनगरचा. २००६ मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये आलेलं, हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचं. सहा हॉस्पिटलं, १८०२ रुग्ण, आणि सगळे बायपासचेच! ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली पण ज्यांना तसं नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यात ५१. आणि आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात ५९. "म्हणजे आईंना सांगितलंस तेच चुकलं," तो म्हणाला. विनोद होता, पण माझा घास अडकला.

रविवारी मी ते परिचारिकाबाईंना जवळजवळ भांडल्यासारखं सांगितलं. त्यांना ते संशोधन ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, म्हणून तर आम्ही कुणाला बरं करण्याचं वचन देत नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, बाही वर कर.

१६८ आणि १०४.

पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा बघितलं, थोडाच फरक. त्यांनी मला कॉफी पिऊ दिली नाही, उद्या नाही तर आजच डॉक्टरांच्या फोनलाइनला कॉल लाव म्हणाल्या, आणि लावेपर्यंत समोर बसून राहिल्या. तीन आठवडे मी आईच्या बीपीचे आकडे भावाकडून मागवून वहीत मांडत होते. स्वतःचं मोजावं, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता रोज सकाळी एक गोळी आहे.

त्यांनीच मला ‘स्टीफन मिनिस्ट्री’त नाव द्यायला लावलं. १९७५ मध्ये सेंट लुईसच्या केनेथ हॉक या पाळक-मानसशास्त्रज्ञांनी सुरू केलेली ही पद्धत. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये विधवांच्या जेवणाची व्यवस्था बघायला निवडलेला जो स्तेफन, त्याच्यावरून नाव. (ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे, त्या आपल्या मिशनरी हिस्लॉपसाहेबांचंही नाव स्टीफनच, आईला फार आवडलं हे.) चर्चमधली साधी माणसं सुमारे ५० तासांचं प्रशिक्षण घेतात आणि एका माणसाला आठवड्यातून तासभर भेटतात. बायकांना बाई, पुरुषांना पुरुष. सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. माझ्या वाट्याला आलेल्या बाई शाळेच्या बसच्या चालक होत्या. पहिल्या भेटीत मी चाळीस मिनिटं व्हिसाबद्दलच बोलले. त्यांनी एकदाही "सगळं नीट होईल" म्हटलं नाही. आपल्याकडच्या सात-आठ बायकांपैकी प्रत्येकीने ते म्हटलं असतं, आणि मला त्याही हव्याच होत्या. पण नागपुरात मला असं एकही ठिकाण आठवत नाही, जिथे बोललेलं रात्रीपर्यंत कामठीला पोचत नाही.

शालीचं राहिलंच. इथे बायकांचा एक गट आजाऱ्यांसाठी शाली विणतो. अमेरिकेतल्याच हार्टफर्डला १९९८ मध्ये दोन मैत्रिणींनी सुरू केलेलं हे काम आता गावोगावी आहे. मूळ वीण अगदी सोपी, तीन सुलट, तीन उलट, विणताना त्या माणसासाठी प्रार्थना. ‘ळ’ शिकू पाहणाऱ्या बाई त्या गटातल्याच. त्यांनी आईसाठी जांभळी शाल विणली, जाड लोकरीची, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलाबरोबर ती नागपूरला गेली. मी त्यांना सांगितलंच नाही की तेव्हा तिकडे ४५ डिग्री असतं.

व्हिडिओ कॉलवर आई कूलरसमोर, खांद्यावर ती शाल. दोन मिनिटं फोटोपुरती टिकली. "उकडून मरून जाईन मी," म्हणाली आणि काढली. मग मला वाटलं कपाटात गेली असेल. पण बायपासनंतर खोकला आला की छातीचं हाड फाटल्यासारखं दुखतं, म्हणून उशी नाहीतर जाड घडी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवतात. आईने शालीची चौकोनी घडी केली, जुन्या साडीच्या फडक्यात घट्ट शिवून टाकली, आणि सहा आठवडे ती छातीशी धरून खोकली. फोनवर खोकला ऐकू आला की फडक्याच्या कडेतून जांभळी लोकर दिसायची. डिसेंबरात तिने ती उसवली. आता पहाटे अंगणात बसताना पांघरते.

गेल्या आठवड्यात मी सहज बोलून गेले की शालवाल्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आईने लगेच पेन मागितलं. नाव काय? त्यांच्या नावात दातांत जीभ धरून म्हणायचा ‘थ’ आहे, सदरमध्ये त्याचा आपला साधा ‘थ’ होणार. मी म्हटलं, थांब, आधी त्यांना विचारते.

"विचार," आई म्हणाली. "अन् वेळ पण विचारून ठेव."

बाईंनी होकार दिला. मंगळवारी सकाळी सातला नेणार आहेत. आईने बोटांवर साडेदहा तास मोजले. "म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेपाच. मंगळवारी महिला मंडळ साडेपाचलेच असते ना."