ब्लुईचा किटीहॉक: तांबडा ठिपका अखेर गेला!

मंडळी, काल रात्री साडेअकराला राउंडेल, म्हणजे विमानावरचं गोल राष्ट्रचिन्ह, मध्ये पांढरं झालं. गुलाबी नव्हे, पांढरं!

मागच्या वेळी किटीहॉक लढाऊ विमानाच्या १/४८ मॉडेलवर डीकॅल (चिकटवायची छापील चिन्हं) चढवून थांबलो होतो. शीटवर '१९४२, पॅसिफिक' छापलंय, तरी राउंडेलच्या मध्ये तांबडा गोळा. हे ऑस्ट्रेलियन वैमानिक 'ब्लुई' ट्रस्कॉटचं, ७६ स्क्वाड्रनचं, न्यू गिनीतल्या मिल्न बेच्या लढाईतलं विमान; त्याला तो चालत नाही. जपानी सूर्यचिन्हाशी गल्लत होऊन आपल्याच माणसांनी गोळ्या घालू नयेत, म्हणून ऑस्ट्रेलियनांनी त्याच वर्षी तो काढला. सहा मिलिमीटरच्या त्या ठिपक्याने माझे तीन रविवार खाल्ले. अ‍ॅक्रिलिक पांढऱ्याचे दोन हात दिले, गुलाबी. चार दिले, फिकट गुलाबी आणि कडेला उंचवटा. घासायला गेलो तर निळ्याचा टवका उडाला; उजवी बाजू नव्याने करावी लागली.

उपाय निघाला चंदेरी रंगात. मास्कच्या भोकातून एअरब्रशने एक पातळ हात, रात्रभर वाळवून वर पांढऱ्याचे दोन. खालचा तांबडा वर येतच नाही. मास्कसाठी कंपास-कटरच घ्या, ब्लेडने गोल निघत नाही.

कीथ ट्रस्कॉट 'ब्लुई' झाला तो तांबड्या केसांमुळे. ऑस्ट्रेलियात तशी रीतच आहे. त्याच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाची, मेलबर्नची, जर्सीही निळी-तांबडी. १९४० ची फायनल तो वैमानिकी शिकता शिकता रजा घेऊन खेळला, रिचमंडला ३९ गुणांनी हरवलं. त्याच संघातला रॉन बॅरासी पुढच्या जुलैत टोब्रुकला मारला गेला. ब्लुई ४५२ स्क्वाड्रनच्या स्पिटफायरवर नाव कमावून परतला, मे १९४२ मध्ये पुन्हा रिचमंडविरुद्धच खेळला. तो त्याचा पन्नासावा सामना, आणि शेवटचा. ऑगस्टमध्ये मिल्न बे.

मॉडेलखाली मूळ बेत एक्समाउथ गल्फच्या पाण्याचा होता, त्यासाठी रेझिनही आणून ठेवलंय. २८ मार्च १९४३ ला तिथेच सरावात आपल्याच कॅटलिना विमानावर लुटुपुटीचा हल्ला करताना त्याचा उंचीचा अंदाज चुकला आणि विमान पाण्यावर आदळलं. शिकाऊ असतानाही उतरताना तो जमीन वीस फूट खाली असतानाच विमान सपाट करायचा. पण हे लिहिता लिहिता ठरलं, पाणी नको. मिल्न बेचा चिखल करतो, त्यावर पोलादी मॅटची धावपट्टी. आणि शेजारी कपाटातला स्पिटफायर, तांबड्या ठिपक्यासकट. माणूस तोच, राउंडेलं दोन.

मॅटची भोकं कुणी पितळी पत्र्यात पाडली आहेत का? किती जाडीचा पत्रा घेतलात?