तापलेल्या नळीला हलायला जागा

आज दिवसभर एकच आरेखन पुढ्यात होते: हौशी मंडळी स्वतः बांधतात तशा छोट्या विमानात माझदाचे 13बी रोटरी इंजिन टर्बो (बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोतावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) लावून वापरायचे, तर त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळके वायू इंजिनातून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या, टिकणार कसा? अशी चर्चा बहुधा धातूपासून सुरू होते, 304 किंवा 321 प्रकारचे स्टेनलेस पोलाद घ्यावे की सरळ इन्कोनेल 625 हा निकेलचा मिश्रधातू. मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो.

वांकेल, म्हणजेच रोटरी, इंजिनाचा ज्वलनकक्ष लांबट असतो आणि रोटरबरोबर (पिस्टनऐवजी फिरणारा तिकोनी भाग) सरकत राहतो, त्यामुळे ज्वलन रेंगाळते आणि पूर्ण भाराखाली वायू 900 ते 1,000 अंश सेल्सिअसला बाहेर पडतात. दोन रोटरना वायू बाहेर सोडणारी तोंडे, म्हणजे पोर्ट, दोनच, आणि मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक पोर्टातून सेकंदाला 100 धक्के. मोटारीत असा भार काही क्षणांचा. विमानात मात्र चढाई आणि पुढचा सारा प्रवास मोठ्या शक्तीवरच होतो. स्टेनलेस पोलाद 1,400 अंशांच्या आसपास वितळते या हिशेबाला येथे अर्थ नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी धातू मऊ पडून हळूहळू ताणला जातो, त्यावर पोपडे धरतात आणि सुटलेला पोपडा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. 304 मध्ये 450 ते 850 अंशांदरम्यान धातूच्या कणांच्या सीमेवर क्रोमियमची कार्बाइडे साचतात आणि त्या सीमा कमकुवत होतात. 321 मधील टायटॅनियम ते टाळते, आणि इन्कोनेल उष्णतेत ताकद अधिक काळ राखते. एवढे झाले की धातूचा विषय माझ्यापुरता संपतो.

खरी अडचण प्रसरणाची आहे. 400 मिलिमीटर लांबीची पोलादी नळी 880 अंशांनी तापली की सुमारे साडेसहा मिलिमीटर वाढते. इंजिनाचे हाउसिंग (बाहेरचे कवच) पाण्याने थंड राहते आणि त्याला जखडलेला फ्लँज (नळीच्या टोकाची जोडपट्टी) मात्र कित्येक पटींनी तापतो. दोन्ही पोर्टांना एकच सलग फ्लँज दिला तर तो वाढू पाहतो, त्याला आवळणारे स्टड (खिळेवजा बोल्ट) त्याला अडवतात, आणि काही उड्डाणांनंतर तडा जातो तो वेल्डच्या कडेला. म्हणून आज मी फ्लँज वेगळे केले, छिद्रे किंचित लांबट ठेवली आणि दोन नळ्यांच्या मध्ये बेलोज, म्हणजे भात्यासारखा लवचीक घड्यांचा तुकडा, घातला. वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू सोडला पाहिजे, नाहीतर मुळाशी धातू खरखरीत जळतो आणि तडा तेथूनच सुरू होतो.

टर्बोचे वजन मॅनिफोल्डवर टाकणे मला अजिबात पटत नाही. 8 किलोचा टर्बो 3.8 जीच्या, म्हणजे गुरुत्वाच्या 3.8 पट, भाराखाली 30 किलोंचा होतो, तोही लालबुंद नळीच्या टोकाला लटकलेला. त्याला इंजिनावरच टेकलेला स्वतंत्र आधार हवा. तो विमानाच्या सांगाड्याला जोडला, तर रबरी माउंटवर डुलणारे इंजिन नळी ओढत राहील. उष्णता रोखण्यासाठी गुंडाळायची पट्टीही मी टाळणार आहे. ती धातूला आणखी तापवते आणि तडे झाकते. पोलादी ढाल थोडे अंतर सोडून बसवलेली बरी.

2000 साली अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने सेसना कंपनीच्या 300 आणि 400 मालिकांतील टर्बोचार्ज्ड जुळ्या इंजिनांच्या विमानांवर एक्झॉस्टची वारंवार तपासणी सक्तीची केली. काउलिंगच्या (इंजिनावरील आवरणाच्या) आत फुटलेल्या नळीतून निघणारा झोत वायरिंग, इंधनाची नळी आणि इंजिनाचा सांगाडा यांना भाजू शकतो. माझ्या आरेखनात टर्बो न उतरवता प्रत्येक वेल्ड आरशाने दिसेल अशी खिडकी अजून बसत नाही. त्यासाठी डावीकडचा बेलोज थोडा खाली घ्यावा लागेल.