जिंगदेझेन: वटवाघूळ जिथे शुभ आहे

चीनमधल्या नानचांग शहराहून जलद रेल्वेने तासाभरात जिंगदेझेन हे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव येतं. आपण जिला चिनी माती म्हणतो, तिचं ‘केओलिन’ हे नाव इथल्याच गाओलिंग गावावरून पडलं. आम्ही सामान टाकून थेट शाही भट्टीच्या संग्रहालयात गेलो. दरबारासाठी घडवलेल्या भांड्यात जराशी खोट निघाली, तर ते फोडून भट्टीच्या आवारातच पुरायचे. तेच तुकडे आता उकरून, जुळवून मांडलेत. तड्यांच्या जाळ्यातून नक्षी पाहायची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

या भांड्यांवरच्या निळ्या नक्षीची गंमत श्लेषात आहे. वटवाघूळ घरात शिरलं की आपल्याकडे अपशकुन. चिनी ताटावर मात्र ते हौसेने रंगवतात, कारण वटवाघूळही ‘फू’ आणि सुखसमृद्धीही ‘फू’. उलटं काढलं असेल तर रंगाऱ्याची चूक समजू नका. ‘उलटं’ आणि ‘आलं’ या दोन्हींचा उच्चार ‘दाओ’, म्हणजे सुख दारी आलं. ‘शौ’ (दीर्घायुष्य) या अक्षराभोवती पाच वटवाघळं असतील तर पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची ओढ आणि आयुष्य पुरं झाल्यावरचा शांत मृत्यू. हरीण ‘लू’, सरकारी पगारही ‘लू’. घोड्यावर माकड दिसलं तर हसू नका: ‘घोड्यावर’ म्हणजेच ‘ताबडतोब’, आणि माकडाचा ‘हौ’ म्हणजे सरदारकी. लवकर बढती मिळो, एवढाच त्याचा अर्थ.

माणसं ओळखायला हातातली वस्तू पाहावी. टेंगूळ आल्यासारखं कपाळ, काठी आणि पीच फळ असेल तर तो दीर्घायुष्याचा देव शौशिंग. ताओ पंथाच्या कथांमधल्या आठ अमरांपैकी तलवार ल्यू दोंगबिनची, कुबडी आणि भोपळा ली तिएग्वायचा, कमळ ‘हे श्यानगू’ हिचं. कधी माणसं गाळून फीत बांधलेल्या नुसत्या वस्तूच काढतात. तिथे पुष्कळजण फसतात. पाच नखांचा ड्रॅगन म्हणजे भांडं दरबारीच, असंही सरसकट धरू नये.

एका कारखान्यात रंगकाम जवळून पाहिलं. भांडं फक्त वाळलेलं, न भाजलेलं. त्यावर कोबाल्टची रेघ उमटते ती काळपट. निळा भट्टीतच उगवतो. बाह्यरेषा झाल्या की पातळ रंगाने भरलेला जाड, टोकदार कुंचला घेतात आणि पाण्याचा थेंब टोकाशी लोंबता ठेवून रंग पुढे ढकलत नेतात. कच्ची माती पाणी झटकन पिते, त्यामुळे हात थांबला तिथे डाग, आणि तो पुसता येत नाही. मग वरून झिलई आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसला, हवा कोंडून भाजणी. हवा जास्त झाली तर झिलई पिवळट पडते, निळा मळकतो. रंग जाड बसला तर तो झिलईतून वर येतो. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोह जास्त होतं, म्हणून तेव्हाच्या भांड्यांवर काळे, किंचित खोलगट ठिपके दिसतात. अठराव्या शतकातल्या रंगाऱ्यांना हे दोष इतके आवडले की ते कुंचल्याने मुद्दाम ठिपके देऊ लागले! असे ठिपके फार नेमके, रेघेच्या कडेने ओळीत दिसतात.

तळाशी छेंगहुआ राजवटीची (१४६५–१४८७) सहा अक्षरी खूण दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. दोनशे वर्षांनंतरच्या कांगशी सम्राटाच्या काळातही कुंभार पूर्वजांच्या आदराने ती खूण सर्रास घालत, आणि आजचे नकलाकारही घालतात.

जुन्या वस्तूंचा बाजार पहाटे अंधारात भरतो, तेव्हा टॉर्च हवाच. आधी भांड्याचा तळ पाहा. खरी झीज असमान असते: बुडाच्या कड्यावर जास्त, आडोशाला जवळपास नाही. आम्लाने मारलेली चमक सगळीकडे सारखीच मंद दिसते. चरे एकाच दिशेने गेलेले असतील तर ते खरकागदाचे. आणि एखादं भांडं खरंच जुनं निघालं तर ते घरी आणायचा विचार सोडा: १९११ पूर्वीच्या पुरावस्तू चीनमधून बाहेर नेता येत नाहीत. आम्ही एक नवी वाटी घेतली. तिच्यावरही वटवाघूळ आहे, उलटं.