अर्जापासून पडद्यापर्यंत: लॉस एंजेलिसमधल्या एका लॅटिनो लघुपटाचा माझा अनुभव

लॉस एंजेलिसमध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, दिग्दर्शकाला लघुपटासाठी पैसे मिळू शकतात. मालिका किंवा पूर्ण लांबीचा सिनेमा मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून एका साल्वाडोरी-अमेरिकन (मूळ एल साल्वाडोरच्या) दिग्दर्शिकेच्या पंधरा मिनिटांच्या लघुपटाची निर्मिती हाती घेताना आमचं एकच धोरण होतं: करार, संगीत, सबटायटल, प्रत्येक कागद असा करायचा की पुढे हाच लघुपट मालिकेचा नमुना म्हणून दाखवता येईल आणि विकताही येईल. मी मूळचा पुण्याचा. लॅटिनो लघुपटांना पैसे देणाऱ्या कार्यक्रमांत लॅटिनो असण्याची अट बहुधा लेखक-दिग्दर्शकाला लागू असते, निर्मात्याला क्वचित. तरी नियमावलीतली अर्जदाराची व्याख्या आधी वाचावी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत लॅटिनो १८.७ टक्के होते. २००७ ते २०१९ मधल्या १,३०० लोकप्रिय चित्रपटांच्या यूएससी ॲननबर्ग या विद्यापीठीय संस्थेच्या पाहणीत मुख्य भूमिकांत ते ३.५ टक्के निघाले. ही दरी भरायला काही संस्था जुन्या काळापासून आहेत: १९९७ चा लॅटिनो चित्रपट महोत्सव ‘लालिफ’, १९९८ ची, सार्वजनिक टीव्हीसाठीच्या कामांना निधी देणारी लॅटिनो पब्लिक ब्रॉडकास्टिंग, १९९९ ची निर्मात्यांची संघटना ‘नालिप’. माहितीपट करणाऱ्यांना सार्वजनिक टीव्हीचा आधार होता. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतल्यावर तो रस्ता फार अरुंद झाला. कथापट करणाऱ्यांची भिस्त आता मुख्यतः महोत्सव, फेलोशिप आणि स्टुडिओंच्या प्रायोजित योजनांवर आहे.

अर्जात साधारण पाच गोष्टी लागतात: एक-दोन वाक्यांत कथासूत्र, एक पानाचा सारांश, दिग्दर्शकाचं निवेदन, बजेट आणि आधीच्या कामाचा नमुना. अर्ज पडतात ते निवेदनावर. ‘आमच्या समाजाच्या कथा पडद्यावर आल्या पाहिजेत’ हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दिवशी कितीतरी वेळा वाचलेलं असतं. आम्ही समाज हा शब्दच काढला आणि लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक भागातली एक इमारत, तिथे पुपुसा (सारण भरलेली मक्याची भाकरी) विकणारी आई आणि तिच्या परवान्याचा प्रश्न एवढंच ठेवलं. कामाचा नमुना लांब पाठवू नये. सर्वांत चांगला प्रसंग पहिल्या मिनिटात हवा. पुढे कुणी बघेलच याची खात्री नसते.

निवड झाली की करार येतो आणि इथे घाई नडते. तीन कलमं पाहावीत. मूळ कथेचे आणि पात्रांचे हक्क कुणाकडे राहतात? प्रायोजकाला लघुपट दाखवण्याचा हक्क किती काळ आणि कुठल्या माध्यमांत? पुढच्या रूपांतरावर त्याचा पहिला हक्क आहे का, आणि असेल तर त्याने किती दिवसांत उत्तर द्यायचं? तिसऱ्याला मुदत नसेल तर प्रकल्प विनाकारण अडकून पडतो. मुदत लिहून मागितली तर सहसा मिळते. न मागता कुणी देत नाही.

पात्रनिवड हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिश बोलणारे नट भरपूर, पण त्यातले बरेच मेक्सिकन वळणाचे. साल्वाडोरी घरात ‘तुझ्याकडे आहे’ म्हणायला ‘तू तिएनेस’ नाही, ‘बोस तेनेस’ चालतं, आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ हवेत विरतो. आईच्या तोंडी मेक्सिको सिटीची स्पॅनिश घालणं म्हणजे वऱ्हाडातल्या आजीला सदाशिव पेठेची मराठी बोलायला लावणं. बाहेरच्याला फरक कळत नाही. ज्यांच्यासाठी चित्रपट आहे त्यांना पहिल्याच वाक्यात कळतो. म्हणून संवाद ‘बोस’मध्येच लिहिले, ऑडिशनला तेच दिले आणि उच्चारांसाठी भाषा-मार्गदर्शकाचे पैसे बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत धरले. ही ओळ नंतर घुसवायला गेलं की पहिली कात्री तिलाच लागते. मुलीचे संवाद मात्र इंग्रजीकडे झुकणारे ठेवले, कारण इथे जन्मलेली मुलं तशीच बोलतात.

नट युनियनचे असतील तर सॅग-आफ्ट्रा या नटांच्या युनियनचा लघुपटाचा करार लागतो. त्याची मर्यादा ५०,००० डॉलर बजेट आणि ४० मिनिटं. या करारात मानधन पुढे ढकलता येतं, पण लघुपट विकला गेला की ते देय होतं. हा आकडा विक्रीच्या हिशेबात आधीच धरावा, नाहीतर छोट्या विक्रीत हाती काहीच उरत नाही. युनियनकडे अर्ज शूटच्या निदान महिनाभर आधी करावा. कामगार-भरपाईचा विमा आणि पगारपत्रक सांभाळणारी कंपनी हे खर्च नवख्यांच्या बजेटमध्ये हमखास नसतात. त्याशिवाय दहा टक्के राखीव ठेवावेत.

रस्त्यावरच्या शूटचं परमिट फिल्म-एलए या परवाने देणाऱ्या संस्थेकडून. दहा लाख डॉलरचा दायित्व विमा आणि निदान तीन कामकाजाचे दिवस लागतात. रस्ता किंवा पार्किंग अडवायचं असेल तर जास्त. वेस्टलेकमध्ये शेजाऱ्यांना द्यायची सूचना इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही छापावी. जुलै २०२५ मध्ये त्याच भागातल्या मॅकआर्थर पार्कमध्ये स्थलांतरितांवरच्या कारवाईसाठी फेडरल एजंट आणि नॅशनल गार्ड उतरले होते, त्यामुळे वॉकी-टॉकी घेतलेली अनोळखी माणसं दिसली की लोक दारं लावून घेतात. गणवेशातल्या पात्रांची दृश्यं आम्ही घराच्या आतच घेतली आणि गणवेश अंगावर कोट असल्याशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. परमिटमध्ये हा नियम सापडणार नाही, पण पाळावा.

संगीतात अनेक लघुपट अडकतात. जुन्या कुंबियाच्या (लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताच्या) एका गाण्याला दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि त्या ध्वनिमुद्रणाची. सत्तरच्या दशकातल्या मध्य अमेरिकी लेबलांचे वारस शोधणं कठीण असतं. फक्त महोत्सवांपुरती परवानगी स्वस्त पडते, पण तिची मुदत संपली की लघुपट विकता येत नाही. तोडगा असा: महोत्सव-परवानगी घेतानाच सर्व माध्यमांच्या हक्कांची किंमत करारात लिहून घ्यायची. तेवढं जमत नसेल तर नवी चाल बांधून घ्यावी. ती बऱ्याचदा जास्त चांगलीही निघते.

सबटायटलची एक ओळ ४२ अक्षरांत, एका वेळी दोनच ओळी. ‘[स्पॅनिशमध्ये बोलते]’ असं लिहून मोकळं होणं हा आळस आहे. जे ऐकू येतं ते लिहावं. आईच्या प्रार्थनेला मात्र आम्ही जाणूनबुजून सबटायटल दिलं नाही. स्पीलबर्गच्या २०२१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त स्पॅनिश संवाद सबटायटलशिवाय आहेत, हे प्रायोजकाला दाखवल्यावर वाद मिटला.

थिएटरसाठीची डीसीपी, म्हणजे सिनेमागृहात लावायची डिजिटल प्रत, सेकंदाला २४ फ्रेमची असते आणि संकलन अनेकदा २३.९७६ वर झालेलं असतं. फक्त चित्राचा वेग बदलला आणि आवाज तसाच राहिला तर पंधरा मिनिटांच्या शेवटी ओठ आणि आवाज जवळजवळ एका सेकंदाने सुटतात. म्हणून तपासणी शेवटच्या मिनिटापासून करावी, पहिल्यापासून नव्हे.

महोत्सवाच्या आधी मालिकेच्या पहिल्या भागाची पटकथा तयार हवी. अर्ध्या तासाच्या भागाला तीस-पस्तीस पानं पुरतात. सोबत पात्रं आणि पुढचे भाग सांगणारा पाच-सात पानी आराखडा. पटकथेची नोंद यूएस कॉपीराइट ऑफिसमध्ये करावी. पटकथालेखकांच्या संघटनेची, म्हणजे रायटर्स गिल्ड वेस्टची, नोंदणी सभासद नसलेल्यांना २० डॉलरला मिळते, पण ती पाच वर्षांनी संपते आणि कॉपीराइटच्या जागी चालत नाही.