आमची वाटचाल: भांड्यांवरची नावं ते पांढरा वाघ

गोव्यात वास्कोला दामोदर सप्ताहाची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरली की बाबा रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून भांड्यांवर नावं घालायला बसायचे. आज आम्ही नौदलाच्या स्क्वाड्रनांच्या, म्हणजे विमानांच्या तुकड्यांच्या, चिन्हांच्या कोटावर लावायच्या पिना करतो. धंद्याची सुरुवात मात्र तिथली. एकदा नौदलाच्या क्वार्टर्समधल्या एक बाई पितळी मग घेऊन आल्या. बदलीवर निघालेल्या साहेबांसाठी त्यावर पंखवाला घोडा कोरून हवा होता. बाबांनी आयुष्यात घोडा कोरला नव्हता. दोन रात्री त्यांनी जुन्या ताटाच्या पाठीवर सराव केला आणि मग मगाला हात लावला. त्या मगानंतर तळावरची माणसं दुकान शोधत येऊ लागली.

तो घोडा म्हणजे ३१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा, ‘विंग्ड स्टॅलियन्स’चा. १९७७ मध्ये आयएल-३८ ही लांब पल्ल्याची टेहळणी विमानं घेऊन ती दाबोळीच्या ‘हंसा’ या नौदलाच्या हवाई तळावर उभी राहिली. हंसा मूळची तमिळनाडूतल्या सुलूरची, गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये इकडे आली. इथल्या बऱ्याच स्क्वाड्रनांना आपला प्राणी आहे. ३१० चा नाग, ३०३ चा काळा बिबट्या, आणि २०२२ मध्ये पी-८आय विमानांसह आलेल्या ३१६ चा समुद्रावर घिरट्या घालणारा कॉन्डर, गिधाडासारखा मोठा पक्षी.

माझा जीव मात्र ३०० च्या पांढऱ्या वाघावर. ही स्क्वाड्रन १९६० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडीला सी हॉक या लढाऊ विमानांवर सुरू झाली. डिसेंबर १९७१ मध्ये विमानवाहू ‘विक्रांत’वरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला तो याच विमानांनी. १९८३ च्या डिसेंबरात सी हॅरिअर हे लढाऊ विमान आलं. ते हवेत थांबून सरळ खाली उतरायचं, आणि आमच्या दुकानाचे पत्रे थरथरायचे. ११ मे २०१६ ला सी हॅरिअर निवृत्त झालं आणि त्याच दिवशी मिग-२९के वाघाच्या घरात आलं. तीन पिढ्यांची विमानं झाली, वाघ तोच राहिला. म्हणून पिनवर मी प्राण्यालाच मान देतो. विमान लहान, कडेला.

पिनचं काम बाबांच्या कोरणीपेक्षा वेगळं. आधी डाय, म्हणजे ठशाचा साचा, कापून घ्यायची, पितळी पत्र्यावर ठसा मारायचा, मग उंच राहिलेल्या रेषांमधल्या खळग्यांत सुईने रंग भरायचा. वाघाचे पट्टे इतके बारीक की रंग एकमेकांत उतरतो. आम्ही पट्ट्यांत रंग भरतच नाही, धातूच काळा करतो. पाठीला दोन खिळे हवेतच. पहिल्या खेपेला आम्ही एकच लावला होता, आणि कोटावर घोडा फिरून उलटा झाला.

त्याहून मोठी चूक वाघाची. एका मेळाव्याची ऑर्डर होती. भट्टी जरा जास्त तापली आणि दोनशे पांढरे वाघ पिवळट निघाले. बायको म्हणाली, ‘अहो, लांबून कोणाला कळणार?’ पण ज्याने पंचवीस वर्षं तो वाघ खांद्यावर मिरवला त्याला कळणारच. सगळे मोडीत घातले, चार दिवस दिवसरात्र बसून नवे केले. तोटा झाला, पण आजही तेच लोक आमच्याकडे येतात.

दुसरी एक गोष्ट आम्ही कधी सोडली नाही. खऱ्या चिन्हाची पिन युनिटच्या किंवा निवृत्तांच्या संघटनेच्या पत्राशिवाय करायची नाही. बाजारात विकायला हजार नाग करून द्या म्हणणारे येतात. दर चांगला सांगतात. परत पाठवतो. प्राण्याचा तपशील अडला तर बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जातो. तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर उभी आहेत. नाकाची, पंखांची ठेवण डोळ्यांनी बघता येते.

३१ ऑक्टोबर २०२३ ला आयएल-३८ निवृत्त झालं. पुढच्याच आठवड्यात नौदलातले एक म्हातारे चीफ वास्कोतल्याच मंगोरहून चालत आले. त्यांची घोड्याची पिन कुठेतरी पडली होती, एकच हवी होती. एका पिनसाठी ठसा लावणं परवडत नाही, तरी लावला. निळा रंग सुकेपर्यंत ते बाकावर बसून होते. चहा घेतला, बोलले फार नाहीत. मी पिन हातावर ठेवली तेव्हा त्यांनी आधी उलटी करून मागचे खिळे मोजले.

घोड्याची डाय आम्ही मोडीत दिलेली नाही. पावसाळ्याआधी तिला तेल लावतो आणि बाबांच्या कोरण्यांशेजारी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवतो.