राखाडी बोंडाचं पिवळं कोनफ्लॉवर

शिकागोच्या पश्चिमेला वेस्टचेस्टर गावात वुल्फ रोड प्रेअरी नावाचं सुमारे ८० एकरांचं गवताळ रान आहे. रानात सिमेंटचे फुटपाथ आहेत, घरं मात्र नाहीत. १९२०च्या दशकात इथे वसाहत व्हायची होती. फुटपाथ झाले आणि महामंदीत काम बंद पडलं ते कायमचं. म्हणून ही जमीन वाचली. १८३७ साली याच इलिनॉय राज्यात जॉन डिअरने पोलादी नांगर बनवला, आणि बघता बघता बाकी सगळी काळी माती मका-सोयाबीनखाली गेली. मूळ प्रेअरी आज हजारातला एक हिस्साही उरलेली नाही. त्यामुळे इथे एखादं मूळचं फूल ओळखता आलं की मला फार आनंद होतो.

जुलैत इथे पिवळ्या फुलांची नुसती गर्दी असते, आणि बहुतेक सगळी आपल्या कासच्या सोनकीच्या, म्हणजे सूर्यफुलाच्याच कुळातली. त्यात यलो कोनफ्लॉवर शोधायचं तर आधी पान बघा. ते एकसंध नसतं. अरुंद, दातेरी भागांत खोलवर चिरलेलं असतं. खरखरीत, पातळ दांडा छातीपर्यंत येतो. पाकळ्या लांब, फिक्या पिवळ्या आणि अगदी खाली लोंबणाऱ्या. वर उभट राखाडी बोंड. हे बोंड म्हणजे शेकडो बारीक फुलं. ती खालून वर उमलत जातात, तसतसा राखाडी रंग तपकिरी होत जातो. जुलैअखेर एकाच बोंडावर दोन्ही रंग दिसतात. बोंड न तोडता बोटांनी हलकेच चोळलं तर चक्क बडीशेपेचा वास येतो!

गोंधळ होतो तो ब्लॅक-आइड सुझनशी. तिचं बोंड बुटकं आणि गडद तपकिरी, पाकळ्या आडव्या पसरलेल्या, पान अखंड आणि लवदार. दोन्ही शेजारी दिसली की फरक लगेच कळतो.

नर्सरीतली जांभळी कोनफ्लॉवर, म्हणजे एकिनेशिया, इथे सगळ्यांच्या अंगणात असतात. प्रेअरीतली त्यांची बहीण, पेल पर्पल, बघायची असेल तर जूनमध्येच या. तिच्या फिक्या गुलाबी पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक असतात, पानं लांबट आणि परागकण पांढरे. अंगणातलीचे पिवळे असतात.